पट्ट्या कुणी बसवायच्या

चार लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा तीन दिवस अंगणात फिरत होता. संध्याकाळी इंगा रेंडल तो वडिलांच्या वाळूच्या ढिगाजवळ ठेवून जायची. सकाळी तो तिच्या लाकडांवर असायचा. इंगा सुतार, वडील टॉर्फिन गवंडी, आणि घर इंगाचं स्वतःचं. समुद्राकडची त्रिकोणी भिंत छपराच्या उंचीला पोचली होती, शेजारी वासेही उभे होते. दोघांना जोडायच्या त्या पट्ट्या मात्र अजून गठ्ठ्यातच होत्या.

गुरुवारी सकाळी बांधकाम तपासनीस इसबिस्टरबाई शिडीवर चढल्या. "ही भिंत कशाच्या आधारानं उभी आहे?"

"अगदी सरळ, ओळंब्यात आहे," टॉर्फिन ऐटीत म्हणाला.

"चार वाजता वादळ येतंय. त्याला ओळंबा दाखवा."

"पट्टी लाकडाला ठोकतात. सुताराचं काम."

"टोक भिंतीत जातं, बाबा. गवंड्याचं."

"आणि तुमच्याकडे चहा कोण करतं?" बाईंनी विचारलं. "पाणी एकाचं, पत्ती दुसऱ्याची?"

त्या गेल्या. बाप-लेकींनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि गठ्ठा दोन बाजूंनी उचलला.

कालचा सिमेंटचा माल थंडीमुळे अजून कच्चा होता. टॉर्फिननं वरच्या थरातले चार ब्लॉक अलगद सोडवले. इंगानं वाशांमध्ये आडवे ठोकळे बसवले. तीन वाशांवरून पट्टी टाकायची, खिळे ठोकायचे, वाकवलेलं टोक भिंतीच्या पलीकडे ब्लॉकवर घट्ट अडकवायचं आणि भिंत आणि वासा यांच्यात राहिलेल्या फटीत पाचर मारायची.

"बाबा, तुटक्या ब्लॉकवर अडकवताय? घर आहे हे, खुराडं नाही."

"खुराडं असतं तर कोंबड्यांनी सोमवारीच पट्ट्या लावल्या असत्या."

इंगा इतकी हसली की हातोडी खाली पडली. टॉर्फिननं तुटका बाजूला टाकून अख्खा ब्लॉक घेतला.

शेवटचा खिळा साडेतीनला बसला. वादळानं चार वाजायची वाट पाहिली नाही. समुद्रावरून आलं ते थेट भिंतीवर. इंगा आत शिडीवर, एका पट्टीवर तळवा टेकून. टॉर्फिन काही केल्या आत येईना.

"बाबा, काय करताय बाहेर?"

"भिंत हलतेय का?"

"अजिबात नाही!"

"नीट बघ! वारा ढकलतोय, आणि मीही ढकलतोय!"

"आणखी जोर लावा," ती आतून ओरडली, "पट्टी ढिम्म आहे, लोखंडानं माझा हात गार पडलाय नुसता!"