मधल्या फळीतली हाक

"निदान पहिले काही सामने तरी बाळाला मैदानावर आणू नकोस," सासूबाई रूझा म्हणाल्या होत्या. भाजलेल्या लाल मिरच्यांची सालं काढत होत्या, मान वर न करता. "माझ्यापाशी राहील. ती तिथे असली की तुझा अर्धा जीव तिच्यात राहणार. आणि तिथे बाकीच्या पोरी तुझ्या भरवशावर खेळतात."

बिल्याना हसली होती. "अहो आई, सगळीकडे बघायचं हेच तर माझं काम आहे. सामनाभर मान वळवत असते मी. त्यात आणखी एकीकडे वळवली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

रूझांनी एका मिरचीचा देठ उपटला.

मान वळवायला बिल्याना वडिलांकडून शिकली. वुलनगाँगच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेल्या मॅसिडोनियन माणसांनी जुन्या काळी एक फुटबॉल क्लब काढला होता. तिथे मुलांच्या संघात ती एकटीच मुलगी. कारखान्यातली पाळी संपवून वडील तसेच मैदानावर यायचे, तिच्या पाठीमागे उभे राहायचे आणि हात वर करायचे. समोरून चेंडू यायचा. तो पायाला लागायच्या आत मागे बघून सांगायचं, किती बोटं? चुकलं की पुन्हा. अंगठा मोजणीत धरायचा नाही, असा नियम. "अंगठा काय, कोणीही दाखवतं," वडील म्हणायचे. "बोटं मोज."

अशी बोटं मोजता मोजता ती राज्याच्या संघात गेली, मग व्यावसायिक साखळीत. एक हिवाळा नॉर्वेत काढला. तिथे चेंडूपेक्षा बर्फच जास्त लाथाडला. देशाच्या शिबिरात दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नव्हतं. गोल तिच्या नावावर फारसे नाहीत. मधल्या फळीत खेळणाऱ्या बाईचं काम पेपरात येत नाही. चेंडू कुणाकडे चाललाय, तिच्या मागून कोण धावत येतंय, हे आधी बघायचं आणि ओरडायचं. "मागे आहे!" म्हणजे वळू नकोस, एका स्पर्शात परत दे. "वेळ आहे!" म्हणजे खुशाल वळ, मागे मोकळं आहे. चेंडू घेणारीला स्वतःची पाठ दिसत नाही. ती त्या हाकेवर वळते.

आणि बिल्यानाच्या हाकेवर सगळ्यांत बिनधास्त वळायची ती तॅरिन. ब्रोकन हिलकडची, लाल मातीत वाढलेली, तोंडाची फटकळ. बिल्याना मागे, तॅरिन तिच्या पुढे, असं दोघी कित्येक हंगाम खेळल्या. बिल्याना गरोदर राहिली तेव्हा तॅरिन म्हणाली होती, "लवकर जन्माला घाल बाई. तुझ्या जागी आलेली पोर एवढ्या हळू ओरडते, की मला वाटतं चर्चमध्ये आलेय."

लेना झाली. बिल्याना आहारशास्त्र शिकलेली, पुस्तकं वाचून सगळी तयारी केलेली. पण पुस्तकातली आई झोपते तरी. ही मुलीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, मग तो बरोबर आहे ना म्हणून पुन्हा बघायची. तरी पळायला लागली, अंग परत कमावलं. हंगामाच्या दुसऱ्याच घरच्या सामन्यात कोच रोंडाने तिला पहिल्यापासून उतरवलं. स्टँडमध्ये गोरान, तिचा नवरा, आणि त्याच्या मांडीवर निळी टोपी घातलेली लेना.

ऊन असं होतं की गवताचा वास येत होता. आपल्या बचावपटूकडून चेंडू तॅरिनकडे निघाला. बिल्यानाने तॅरिनच्या मागे पाहिलं. मोकळं होतं. तेवढ्यात नजर स्टँडकडे गेली. लेनाच्या डोक्यावर टोपी नव्हती. गोरानच्या एका हातात सॉसेजचा पाव, तोंड शेजाऱ्याकडे, आणि पोरीचं टक्कल उन्हात. टोपी गेली कुठे?

"वेळ आहे!" बिल्यानाच्या तोंडून निघालं. सवयीनेच.

तॅरिन वळली. मागून आलेल्या विरुद्ध संघातल्या मुलीला थांबता आलं नाही.

तॅरिन गवतावर पडली होती आणि दोन्ही मुठींनी गवत उपटत होती. स्ट्रेचर आलं. उचलताना तिने बिल्यानाकडे पाहिलं. रागाने नव्हे, नुसतं न कळून. "ती कुठून आली गं?"

स्टँडमध्ये लेनाच्या डोक्यावर टोपी परत आली होती.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली. फुलं गेली, सगळ्यांच्या सह्यांचा शर्ट गेला. मग जे नेहमी होतं तेच झालं. सामने चालू राहिले, संघ गावोगाव फिरत राहिला आणि जायबंदी पोर आपोआप बाजूला पडली. कुणी फोनवर मेसेज करून विचारलं, "कशी आहेस?" की तिकडून एक अंगठा यायचा. "बरी आहे ती," ड्रेसिंग रूममध्ये एकमेकींना सांगायच्या. "अंगठा पाठवला."

बिल्यानाने तेवढंही विचारलं नाही. रोज फोन हातात घ्यायची, लिहायची, पुसायची. मैदानावर तर तिचं तोंडच मिटलं. मान वळायची, दिसायचं सगळं, पण घशाशी आलेली हाक तिथेच अडकायची. आपण बघितलं ते खरंच बघितलं ना? मग पुन्हा बघायचं. तोवर चेंडू पुढे गेलेला असायचा. लेनाला तर तिने केव्हाच मैदानावर आणणं सोडलं होतं. रूझा मुकाट्याने सांभाळायच्या आणि "मी म्हटलं होतं" हे एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका सामन्यात रोंडाने तिला मध्येच बाहेर बोलावलं.

"दात दुखतायत का?"

"नाही, कोच."

"मग तोंड उघड ना. मुकी मिडफिल्डर मला काय कामाची? पाय तर त्या एकोणीस वर्षांच्या पोरीलाही आहेत, तुझ्यापेक्षा चांगले." मग आवाज उतरवून, "तिच्याकडे गेलीस?"

बिल्याना बूट सोडत राहिली.

"पर्थच्या दौऱ्याला न्यायचं की नाही, ते मी तुझा आवाज ऐकून ठरवणार. काहीतरी कर बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वुलनगाँगजवळच्या कोरिमलला, तॅरिनकडे गेली. लेना कडेवर, पिशवीत रूझांचं मिरच्यांचं लोणचं आणि बरणीला दोनदा गुंडाळलेलं फडकं. तॅरिन एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायची. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "पार्सल असेल तर ठेवून जा."

"पार्सलच आहे. पण बाहेर ठेवलं तर रडेल."

दार उघडलं. तॅरिनचे केस कितीतरी दिवसांत धुतलेले नव्हते. पडदे ओढलेले, मोरीत भांडी. मांडी, जी झाडासारखी होती, ती मनगटासारखी झाली होती. लेनाने तिच्याकडे पाहून भोकाड पसरलं.

"हिला आवडलं नाही माझं घर," तॅरिन म्हणाली.

"हिला काहीच आवडत नाही. आजीवर गेलीय."

मग बिल्याना उभ्या उभ्याच म्हणाली, "मी बघितलं नव्हतं. ओरडले तेव्हा. आधी बघितलं होतं, पण ओरडले तेव्हा नाही."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"अगं, एवढी वर्षं तुझा आवाज ऐकतेय. बघून ओरडतेस तेव्हा शेवटी किंचाळतेस. त्या दिवशी नाही किंचाळलीस. मला वळतानाच कळलं, पण तोवर वळले होते." तिने कुबडी भिंतीला टेकवली. "कुठे बघत होतीस?"

"टोपी. हिच्या डोक्यावरून टोपी पडली होती."

तॅरिन हसायला लागली. एवढी, की भिंतीला धरावं लागलं. "टोपी नाही तर खेळ नाही! शाळेत उन्हाच्या भीतीने घोकून घेतलं होतं गं आपल्याकडून. पण बाळाच्या टोपीपायी माझा खेळ बंद होईल, हे कुणी सांगितलं नव्हतं." हसता हसता कधी ती रडायला लागली ते कळलं नाही. "चुकीचं ओरडलीस त्याचा मला राग नाही. मीही ओरडलेय चुकीचं, तुझ्या नाकाच्या हाडाला विचार. पण नंतर आली नाहीस तू. बाकीच्यांचं सोड. तू आली नाहीस."

बिल्यानाने लेनाला तिच्या हातात दिलं आणि मोरीकडे वळली. भांडी घासून झाली तेव्हा मागे लेना तॅरिनच्या कानातली रिंग ओढत होती.

"पुढच्या शनिवारी येशील?"

"कुबड्या घेऊन? लोक आंधळ्याला मदत करावी तसे हाताला धरतात."

"लेनाला सांभाळायला कुणी नाहीये," बिल्याना सरळ खोटं बोलली.

शनिवारी तॅरिन आली. पाय पुढच्या खुर्चीवर, मांडीवर लेना, निळ्या टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट. "टोपी मी बघते," ती कठड्यावरून ओरडली. "तू तुझं बघ!" बिल्यानाने पहिल्यांदा मान वळवली तेव्हा तॅरिनने हात वर केला होता, तीन बोटं. वडिलांचा तो खेळ बिल्यानानेच तिला कधीतरी सांगितला होता. "तीन!" बिल्याना ओरडली. पंचाने दचकून पाहिलं. त्यानंतर ती सामनाभर ओरडत होती आणि शेवटी शेवटी घसा बसला. संघ हरला. रोंडा म्हणाली, "पर्थला गरम पाणी पीत ये."

पुढचा सामनाही तसाच झाला. मग एका सकाळी तॅरिन तपासणीला गेली. गुडघा जुळत नव्हता, पुन्हा उघडावा लागणार होता. डॉक्टर म्हणाले, खेळण्याचं पुढचं पुढे बघू. हे तिने बिल्यानाला फोनवर सांगितलं, हवामान सांगावं तशा आवाजात. त्या आठवड्यात बिल्याना दोनदा गेली. तॅरिन बोलली, चहा केला, लेनाला खेळवलंही. पडदे मात्र पुन्हा ओढलेले होते.

मग संघ पर्थला निघाला, देश ओलांडून पलीकडे. विमानतळावरून बिल्यानाने लिहिलं, "किती बोटं?" त्यांच्यात आता तसं ठरलंच होतं. तॅरिन फोटो पाठवायची, कधी दोन बोटं, कधी चार, त्यावर बिस्किटाचा चुरा. ज्या दिवशी चांगलं वाटत नसे त्या दिवशी एकच. एक बोट आलं की बिल्याना फोन करायची.

उत्तर आज सकाळी पर्थमध्ये आलं, ते एक अंगठा.

बिल्यानाने फोन केला. वाजत राहिला. गोरानला केला, तो कारखान्यात पाळीवर, फोन कपाटात. रूझांना सांगितलं, तर त्या लेनाला घेऊन तॅरिनकडे जायला बससाठी निघाल्यात, पण रविवारी तिकडच्या बस कधी येतात ते त्यांनाही ठाऊक नाही. इकडे सकाळ आहे, तिकडे दुपार कलायला लागली असेल. संघाची बस मैदानावर न्यायला उभी आहे आणि रोंडा दारातून हाका मारतेय. बिल्याना पायरीवर एक पाय ठेवून अजून फोनकडे बघतेय. कदाचित काही नसेल. कदाचित तॅरिन नुसती झोपली असेल, आणि काळजी करायची बिल्यानाला सवयच आहे. पण मान वळवून बघितल्याशिवाय ती आता "वेळ आहे" म्हणणार नाही, आणि इथून तिला मागचं काही दिसत नाही.

म्हणून तिचं तुम्हाला एक सांगणं आहे. कोरिमलच्या बाजूला असाल, तर स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर चाफ्याचं मोठं झाड असलेलं घर आहे. पुढच्या दारी जाऊ नका, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. झाडाच्या कडेने मागे जा. दार वाजवा. "पार्सल ठेवून जा" म्हणाली तर जाऊ नका. आणि खिडकीतून अंगठा दाखवला तर तो धरू नका. दार उघडून समोर येईपर्यंत तिथेच उभे राहा आणि तिला विचारा, किती बोटं?