ड्रमच्या तळाचं पाणी

तिसऱ्यांदा साबण झाला, तेव्हा माझी खात्रीच पटली. मेहुणा तेलात पाणी घालतोय.

आमचा बायोडिझेलचा धंदा तसा सरळ. वापरलेलं तेल मी शेडमध्ये गाळतो, तापवतो, त्यात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा घालतो. वर इंधन येतं, खाली ग्लिसरीन बसतं. तेलात पाणी असलं की मात्र साबणाचा लगदा. थोडं पाणी तापवल्यावर उडतं. पण या तेलाचा थेंब तव्यावर टाकला तरी तडतडून अंगावर यायचा. कॅन्टीनमधून भरलेले ड्रम आणतो तो बायकोचा भाऊ. त्यानं यासाठी नोकरी सोडलेली. चांगलं तेल परस्पर विकायचं आणि पाण्यानं भर घालायची, दुसरं काय? गोडबोल्या माणसावर माझा मुळातच विश्वास नाही, आणि हा तर जेवताना करपलेल्या भाजीचीही स्तुती करतो.

"दाजी, कॉस्टिकचं पोतं ओलं झालं असेल," तो म्हणाला.

"पोतं कोरडं आहे. तू तुझं बघ."

तो खाली मान घालून ड्रम मोजू लागला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. आमचं इंधन घेणाऱ्या बसवाल्यानं शेवटची संधी दिली होती. ही खेप बिघडली तर धंदाच बुडणार होता. मेहुण्याला रंगेहाथ पकडून हाकलायचं ठरवूनच मी सकाळी शेडमागे दबा धरून बसलो.

आधी आली माझी आई. बाह्या सरसावून तिनं कॅन्टीनला जायचे रिकामे ड्रम नळाखाली घासले आणि ओलेच झाकणं लावून ठेवले. ती आत जाताच मेहुणा आला. त्यानं झाकणं काढली, ड्रम पालथे केले आणि घाईघाईनं आतून पुसू लागला.

"तुला माहीत होतं?" मी पुढे होत विचारलं.

तो दचकला. "हो. पण तळाशी हात पोहोचत नाही."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"गेलो होतो सांगायला. मावशी म्हणाल्या, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपला ड्रम घाण जायला नको. म्हणाल्या, माझ्या हातात एवढं एकच काम उरलंय." तो फडकं पिळत राहिला. "तुमची बोलणी मी खाईन, दाजी. त्यांना नाही सोसणार."

मला माझीच लाज वाटली.

आई दारात आली. "बघ, कसे लख्ख झालेत."

"लख्ख झालेत, आई. धुवायचं काम तुझं. यापुढे पुसायचं माझं."

मेहुण्याच्या हातातलं फडकं घेऊन मी खांद्यापर्यंत ड्रममध्ये वाकलो. माझा हात तळाला पोहोचला.