क्षमाचा मोकळा कान

पद्मावतीबाईंना उठायचं होतं, आणि सून कोणाशी तरी बोलत होती. की नव्हती? सगळा घोळ तिथेच होता.

गोव्यात मुळगावच्या त्या घरात सासू खिडकीपाशी खुर्चीत आणि सून समोर लॅपटॉपपुढे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पद्मावतीबाईंना हात धरल्याशिवाय उठायची बंदी होती. क्षमा कुठल्याशा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी घरी बसून ऐकायची, म्हणून तर हात धरायला माणूस होतं. मुलगा गौरेश मोपाच्या विमानतळावर कामाला. त्यानेच बायकोला हौसेने इवलेसे इयरबड आणून दिले होते. शेंगदाण्याएवढे, वायर नाही की काही नाही. केसांखाली गेले की गडप.

पहिल्याच दिवशी क्षमा गोड आवाजात म्हणाली, "बोला, काय अडचण आहे?" पद्मावतीबाईंनी बिचाऱ्यांनी कमरेपासून सगळं सांगायला घेतलं. क्षमाने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. ती चिडली नव्हती, पण सासूबाई ओशाळल्या. आपल्यापायी सुनेची नोकरी जायला नको, एवढंच त्यांनी मनाशी धरलं आणि आपणहून हाक मारायचं सोडून दिलं. क्षमा जवळ येईल तेव्हाच उठायचं. सारखं उठावं लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही! असली अक्कल म्हातारपणीच सुचते, आणि ती कोणाला सांगायची नसते.

व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ, ताप, डिचोलीचे डॉक्टर. "पाणी का पीत नाही?" त्यांनी विचारलं, तर पद्मावतीबाईंनी विषय गोळ्यांवर नेला. गाडीत बसल्यावर क्षमाने तेच पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र बांध फुटला.

"उदक पियेलें की उठूंक जाय. तूं कामांत आसा काय मोकळी आसा, म्हाका कशें कळटलें गो?"

क्षमाला रडूच आलं. "आई, हें आदीं सांगूंक जाय आशिल्लें तुमी," ती म्हणाली. तिने डोळे पुसले आणि गाडी घराकडे न वळवता बाजारात घेतली.

मोबाईलच्या दुकानातली सिद्धी माल घेऊन गाडीच्या खिडकीशीच आली. दांडीवाले इयरबड क्षमाने घालून दाखवले. केस सोडल्यावर तेही दिसेनात. कानामागून आकडा घालायचे होते, ते कानातल्या कुड्यांत गुंतले. साधे वायरवाले पद्मावतीबाईंनीच नापास केले. ती वायर आपल्याला उठवताना खुर्चीला अडकणार, हे त्यांना बसल्या जागी कळलं. शेवटी सिद्धीने तळातून मानेभोवती घालायचा नेकबँड काढला. "हे आतां कोण घेना, मावशी," ती म्हणाली. काम असलं की दोन्ही बोंडं कानात. नसलं की लोहचुंबकाने एकमेकांना चिकटून छातीवर.

"हें म्हाका दिसता!" पद्मावतीबाई म्हणाल्या. विषय संपला.

बोंडं छातीवर दिसली की त्या बिनधास्त बोलू लागल्या. पण एखादा ग्राहक फारच लांबण लावायचा, आणि पद्मावतीबाई सुनेच्या गळ्याकडे डोळे लावून दम धरून बसायच्या. क्षमाच्या ते एकदा नजरेत आलं. तिने डावं बोंड काढून खाली सोडलं.

"आई, उजवो कान कंपनीचो. हो दावो तुमचो. केन्नाय उलो मारात."

केव्हाही हाक मारा, हे सांगणं सोपं. हाक मारायला जीभ उचलायला हवी ना! दुसऱ्या दिवशी कोणा गृहस्थाच्या फ्रीजची कहाणी संपता संपेना, तेव्हा पद्मावतीबाईंनी धीर केला आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने ओरडल्या, "क्षमा गो!"

क्षमा शांतपणे माईकमध्ये म्हणाली, "साहेब, एक मिनिट थांबा हं. माझ्या सासूबाई हाक मारतायत." आणि दोन्ही हात पुढे करून आली.

पद्मावतीबाई तिच्या हातांना धरून उभ्या राहिल्या, पण पाऊल उचलेना. सगळा जन्म त्यांनी पुरुषांची पानं आधी वाढली होती, पुरुषांचं बोलणं संपायची वाट पाहिली होती. त्यांच्यासाठी कोणी साहेब कधी थांबला नव्हता.

"देव बरें करूं तुजें," त्यांनी सुनेचा गाल कुरवाळला. "आनी त्या सायबाचेंय."