कल्लूरे स्टोअर्सचं मागचं दार

सोलापूरच्या नवी पेठेतल्या तीन मजली कल्लूरे स्टोअर्समध्ये गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला बंदी होती. थुंकायलाही होती, पण ती एवढी कडक नव्हती.

कारण ऐतिहासिक होतं. मालक बसलिंगप्पांचे वडील होटगी स्टेशनावर कंगवे विकता विकता पेठेत आले. पहिल्याच वर्षी एका बाईनं त्यांच्याकडे सेफ्टी पिन मागितली. ते म्हणाले, "नाही." बाई समोरच्या दुकानात गेली, पिन घेतली आणि जाता जाता तीन मुलींचा बस्ताही तिथंच बांधून आली. तेव्हापासून फ्रेममध्ये बसवलेली एक सेफ्टी पिन देवाच्या फोटोशेजारी लटकत होती. उदबत्ती दोघांना एकच.

मडिवाळप्पा या दुकानात एकतीस वर्षं एकच काम करत आला होता : दुकानात नसलेल्या वस्तू आणणं. गिऱ्हाइकानं नसलेलं काही मागितलं की तो म्हणायचा, "हाय की! बसा, चा घ्या, गोदामातनं आणतो." मग मागच्या दारानं बाहेर. गोदाम म्हणजे उरलेलं सोलापूर.

या दिवाळीत मालकांचा नातू पृथ्वीराज पुण्याहून शिकून आला आणि म्हणाला, "आज्जा, मोठी मॉलवाली कंपनी जागा मागतीय. देऊन टाकू. आता असं दुकान चालत नाही."

बसलिंगप्पांनी पिनेकडं बघितलं. "ज्या दिवशी आपल्या काउंटरवर गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागंल, त्या दिवशी देऊ."

म्हणजे दुकान आता मडिवाळप्पाच्या पायांवर उभं होतं, आणि त्यातला डावा गुडघा दुखत होता. दुकान गेलं तर साठीला आलेल्या माणसाला 'नसलेल्या वस्तू आणणे' या अनुभवावर कोण ठेवून घेणार?

दुसऱ्या दिवसापासून विचित्र गिऱ्हाइकं यायला लागली. एकानं डावखुऱ्या माणसाचा झारा मागितला. मडिवाळप्पानं लोहारगल्लीतून करून आणला. एकानं घोडीसाठी गॉगल मागितला. त्याला वरातीच्या घोडीवाल्याकडची झापडं आणून दिली, वर विचारलं, "बांधून देऊ का घालून जाताय?"

"मडिवाळकाका, दमत नाही का हो तुम्ही?" पृथ्वीराजनं विचारलं.

"दमतो की. पण गिऱ्हाईक तुमीच धाडताय म्हटल्यावर, घरचंच काम हाय."

पृथ्वीराज लाजला. पण थांबला नाही. सोमवारी सकाळी कंपनीचा मॅनेजर दीपक स्वतः आला. आधी त्यानं एक हातरुमाल घेतला, पावती फाडून घेतली आणि ती बसलिंगप्पांसमोर ठेवली.

"मी तुमचं गिऱ्हाईक, बरोबर?"

"अगदी."

"मग मला एक दुकान पाहिजे. पेठेत, मोक्याचं, तीन मजली."

बांगड्यांच्या काउंटरवरच्या बाईनं गिऱ्हाइकाच्या हातात अर्धी चढलेली बांगडी तशीच धरून ठेवली. 'हो' म्हणावं तर दुकान गेलं. 'नाही' म्हणावं तरी गेलं. पृथ्वीराज कोपऱ्यात उभा होता. जिंकलेला माणूस दिसायला हवा तसा तो अजिबात दिसत नव्हता.

बसलिंगप्पांनी ओठ उघडले. बाहेर काय येणार होतं कुणास ठाऊक, कारण त्याआधीच मडिवाळप्पाच्या तोंडून एकतीस वर्षांची सवय बोलून गेली.

"हाय की! बसा, चा घ्या. गोदामातनं आणतो."

आणि तो मागच्या दारानं गेलासुद्धा.

चहा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या कपाला मडिवाळप्पा परतला. सोबत फुलाबाई होत्या, आणि त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. समोरची टॉकीज त्यांची. नवरा वारल्यापासून बंद होती, आणि चार वर्षं त्या गिऱ्हाईक शोधत होत्या.

"मजला एकच हाय," मडिवाळप्पा मालकाकडं न बघता म्हणाला, "पण उंची तीन मजल्यांची भरती. पार्किंग वेगळं. बघून घ्या, पसंत पडलं तर बांधून देतो."

दीपक बघायला गेला तो तिथंच सौदा करत बसला, दुपारपर्यंत परत आला नाही. हातरुमाल विसरून गेला होता.

"आज्जा," पृथ्वीराज हसू दाबत म्हणाला, "अहो, आपण मॉल समोरच आणून बसवला की!"

"मग बरंच झालं," बसलिंगप्पा म्हणाले. "मडिवाळप्पाचा गुडघा दुखतोय. गोदाम जवळ आलं."

पृथ्वीराजनं पुण्याला परत जायचं तिकीट काढलं नाही. सध्या तो सेफ्टी पिना विकतो आणि मागच्या दाराचा रस्ता शिकतोय.

समोर टॉकीजच्या जागी मॉल उघडला त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मडिवाळप्पा होता. वैरागच्या एका म्हातारीला लाल छत्री हवी होती, ती कल्लूरे स्टोअर्समध्ये चहा पीत बसली होती.

"लाल नाही," काउंटरवरची पोरगी म्हणाली.

मडिवाळप्पाला घाम फुटला. एकतीस वर्षं त्याच्या दुकानात बंदी असलेला शब्द ही पोरगी भर काउंटरवर बोलली होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि पोरीकडं झुकून, मायेनं, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"बाळ, एवढ्या मोठ्यानं नको. कुणी ऐकलं म्हंजे?"