शून्यांचा रकाना

सरकारी निधी पुढची काही वर्षं कोणत्या संशोधनाला द्यायचा, हे आज सांगलीच्या बैठकीत ठरत होतं. यादीत एकच जागा उरली होती आणि विषय दोन होते. कोयनानगरच्या घाटातल्या दरडी, नाहीतर माण तालुक्यातल्या कोकरांचा अनोळखी आजार. कोकरांचा प्रस्ताव म्हसवडच्या अर्फाचा होता. विषय आज वगळला तर आजार कुठवर पसरेल, याचा तिला अंदाज बांधवत नव्हता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "दरडींची नोंद समोर आहे. तुमच्या पाहणीत मात्र मेलेल्या कोकरांच्या रकान्यात बहुतेकांचं शून्य आहे. मग आजार आहे कुठे?"

अर्फाने रकान्यातल्या शून्यांवरून बोट फिरवलं. धनगर परक्यापुढे कळपाचा आकडा काढत नाही. मेलेल्यांचं तर नावही काढत नाही; काढलं की उरलेल्यांना नजर लागते, असं मानतात. मेंढ्यांच्या बाजारात अब्बांबरोबर वाढलेल्या तिला हे ठाऊक होतं. तरी वरून आलेले छापील प्रश्न तिने तसेच विचारले होते.

बाईंनी तिच्याशेजारच्या सिद्धूमामांना विचारलं. मेंढपाळांच्या वतीने बोलायला अर्फानेच त्यांना आणलं होतं. "तुमच्याकडे यंदा कोकरं मेली का?"

"देवाच्या किरपेनं समदं बरं हाय."

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी दरडींच्या विषयावर पेन टेकवलं.

"मामा," अर्फा घाईने म्हणाली, "मेंढ्यांचं दूध सध्या कोण पितंय?"

"कोन पिनार? आमी प्यालो, कुत्र्यास्नी पाजलं, तरी सरंना. आमची दगडाबाई वस्तीवर वाटत फिरती."

"आणि मागच्या साली?"

"मागल्या साली च्यापुरतं बी घावलं न्हाई. समदं कोकरंच…"

मामा थांबले. त्यांची नजर अर्फावर आली आणि तिथंच राहिली.

बाईंनी पेन उचललं. "म्हणजे यंदा दूध प्यायला कोकरंच उरली नाहीत. हाच प्रश्न मेंढपाळांच्या सगळ्या तळांवर विचारता येईल?"

"उद्यापासून."

"मग विषय यादीत घेते. पण आधी पाहणी नव्याने. दरडी पुढच्या फेरीत बघू."

घाटाचा प्रस्ताव मांडणाऱ्या रविराजने लॅपटॉप मिटला. "आणि मधल्या पावसाळ्यात काही झालं तर?" तो हळूच म्हणाला. बाईंनी पुढचा कागद ओढला. अर्फा खाली बघत आपले कागद गोळा करू लागली.

बाहेर सिद्धूमामा एसटी स्टँडच्या वाटेला लागले होते. ती मागून धावली.

"मामा, दुसरी वाट नव्हती."

"मोहिद्दीनची लेक म्हनून आलो व्हतो. तू आकडा इचारला न्हाईस, पर माज्या तोंडून काढलासच."

"आजार थांबवायचाय, मामा."

"माज्या तळावर पाऊल टाकू नगंस."

ती जागीच उभी राहिली. मामा चार पावलं चालले, थांबले आणि मागे न बघता म्हणाले,

"धनाजीच्या तळावर जा आदी. त्यो दूध मातीत वताया लागलाय."