तिसरं तिकीट

वसुमतीने एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवला आणि दुसरा खालीच ठेवून ती किनाऱ्याकडे वळून बघत राहिली. सुरूच्या झाडांमधून समुद्राची जेवढी पट्टी दिसत होती, तेवढ्यात एकही बोट नव्हती.

"मावशी, येताय की नाय? बाराला डहाणूला पोचायचंय मला," कंडक्टर म्हणाला.

"येते रे बाबा."

ती चढली आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. शेजारची जयश्री खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"चुलीतला विस्तव राखेखाली झाकलाय. विझू देऊ नको," वसुमती तिला म्हणाली. "आणि काय कळलं तर लगेच फोन कर. मी डहाणूपर्यंतच चाललेय. तिथल्या बायकांना विचारते, खाडीतल्या कोणी आमची बोट बघितली का."

"आणि बडोद्याची दोन दहाची गाडी?"

"गाडीचं मग बघू."

काशीनाथ रविवारी पहाटे बोट घेऊन गेला होता. मंगळवारी संध्याकाळी यायला हवा होता. त्याच्याबरोबर झाईहून निघालेल्या तिन्ही बोटी मंगळवारी परत आल्या, त्याची आली नाही. आज बुधवार होता. रात्रभर उत्तरेचा वारा पत्रे वाजवत होता आणि वसुमती उंबऱ्यात बसून होती. काशीनाथचा फोन बंद होता. बोटीवरच्या भीमाच्या घरी, तलासरीला, तिने चारदा फोन लावला. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. सकाळी मच्छीमार सोसायटीत गेली, तर सेक्रेटरी समोरच्या कागदांवरून मान वर न करता म्हणाले, "संध्याकाळच्या भरतीपर्यंत थांबू वहिनी, मग कोस्ट गार्डला कळवू." एवढं शांत राहायला त्यांना कसं जमतं, याचा तिला रागच आला होता.

पिशवीत दोन साड्या होत्या, नातीसाठी चांदीचे वाळे होते आणि दोन डझन चिकू होते. उद्या नात एक वर्षाची होणार होती. वसुमतीने तिला फोनवरच पाहिलं होतं.

रोशनने बोट सोडून बडोद्याला कंपनीत नोकरी धरली आणि तिथेच किंजलशी लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाप-लेक बोलत नव्हते. वसुमतीने मात्र जायचं ठरवलं होतं, एकदा नाही, तीनदा. पण तिच्या सासूने घालून दिलेला एक नियम होता आणि तो तिने लग्नापासून पाळला होता. बोट पाण्यात असेपर्यंत घरच्या बाईने गावाबाहेर मुक्काम करायचा नाही, चूल थंड होऊ द्यायची नाही. गणपतीनंतरचं तिकीट त्यामुळे फुकट गेलं, कारण बोट आदल्या दिवशीच बाहेर पडली. दिवाळीनंतरचंही तसंच गेलं. दोन्ही वेळा गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काशीनाथ धडधाकट घरी आला. जाऊ नको, असं त्याने तोंडाने कधी म्हटलं नाही. म्हणायचं तर रोशनचं नाव घ्यावं लागलं असतं.

बोर्डी गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागल्या. एरवी वसुमती खिडकीतून प्रत्येक कुंपणाआडचं झाड न् झाड बघायची. तिच्या स्वतःच्या दारात रंगाच्या डब्यांमध्ये झेंडू आणि एक गुलाब होता आणि खाऱ्या वाऱ्याने तो गुलाब दरवर्षी मरायचा. हे किंजलला कळल्यापासून ती सासूला बागांचे फोटो पाठवायची. सुरतच्या बागा, अहमदाबादचे नदीकाठचे ताटवे आणि बडोद्याच्या कमाटीबागेतलं फुलांचं घड्याळ. जमिनीवर झाडांचं घड्याळ आणि त्यावर चालते काटे! वसुमतीने तो फोटो गल्लीतल्या सगळ्या बायकांना दाखवला होता. खतपाणी घालायला माळी काटे ओलांडून कसा जात असेल, हा प्रश्न तिला महिनाभर पुरला.

घोलवडला फोन वाजला. काशीनाथचा असेल म्हणून तिने धडपडत पिशवी उपसली. किंजल होती.

"मम्मी, नीकळ्या ने? निघालात ना? स्टेशनवर रोशन येणार आहे. माशाचं वेगळं पातेलंपण काढून ठेवलंय मी. तुम्ही शिकवा, मी बनवीन. खाणार नाय, पण बनवीन."

वसुमतीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मम्मी?"

"बाबांची बोट अजून आली नाय ग," ती म्हणाली. "रोशनला इतक्यात सांगू नको."

मग किंजल हळूच म्हणाली, "आवी जशे, मम्मी. येतील." आणि तिने फोन ठेवला.

डहाणूला उतरून वसुमती तडक मासळीबाजारात गेली. बाजार आवरत आला होता. हिरी तिच्या नेहमीच्या जागेवर, पाण्याच्या नळाशेजारी बसली होती. दोघींनी सुकी मासळी विकायला वीस वर्षं एकत्र बाजार केले होते.

"हिरी, आमची बोट कोणी बघितली का ग खाडीत? काल यायची होती."

हिरीने कोयता पाण्यात धुतला. मग परत धुतला.

"बस ना आधी. पाणी पी."

"पाणी नको. बघितली का सांग."

"मी कुठे जाते खाडीवर? येतील तुझे. वारा होता ना रात्री."

वसुमती नळाच्या कट्ट्यावर टेकली. हिरीला नक्की काहीतरी ठाऊक होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. कोणी बोटीची फळी पाहिली होती का? कोणाला काही वाहत आलेलं सापडलं होतं? तिला विचारायचं धाडस होईना. ती खाली बघत राहिली आणि खाली हिरीचा पापलेटचा क्रेट होता. बर्फ टिकावा म्हणून त्यावर ओलं बारदान टाकलं होतं. बारदानाच्या मधोमध हिरव्या साडीच्या काठाचं ठिगळ होतं, जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने शिवलेलं, टाक्याटाक्याला गाठ मारलेलं.

ते ठिगळ तिने शनिवारी रात्री स्वतः लावलं होतं.

तिने बारदान उचललं, उलटं केलं, परत सरळ केलं.

"हे कधी आलं?"

हिरीने मान खाली घातली. "पहाटे. भरतीबरोबर."

"माणसं?"

"तिघंही आहेत. धडधाकट. भीमा तर घरीपण जाऊन आला तलासरीला." हिरीचा आवाज एकदम रडवेला झाला. "मला म्हणाले, दुपारपर्यंत झाईला कोणी काही बोलायचं नाय. मला वाटलं बायकोला काय सरप्राईज देतात. तू अशी तोंड पांढरं करून येशील, मला काय म्हायत?"

वसुमती रडली. नळ चालू करून तोंडावर पाणी मारत रडली, कोणाला कळू नये म्हणून. तो जिवंत होता याचा आनंद एवढा मोठा होता की रागाला आत शिरायला जागाच मिळेना. मग ती जागा हळूहळू झाली. गणपतीनंतरचं तिकीट आठवलं, दिवाळीनंतरचं आठवलं. तिकिटांच्या तारखांपासून त्याला सगळं ठाऊक होतं. फक्त मासळीवर झाकलेलं बारदान कोणी शिवलंय याकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. बोटीवरून खाली उतरवल्यावर मासळीचं पुढे काय होतं, हे त्याने आयुष्यात कधी बघितलंच नव्हतं.

बाजारापासून खाडी पाच मिनिटांवर होती. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवाआडून तिला बोट दिसली. काशीनाथ तिच्याकडे पाठ करून बसला होता, हातात जाळं होतं आणि त्याचे हात चालत नव्हते.

"रघ्या, किती वाजले?" त्याने बोटीवरच्या पोराला विचारलं.

"एक वाजला, तांडेल."

जरा वेळ गेला.

"आता?"

"आत्ताच तर सांगितलं ना."

या माणसाने जन्मात कोणाला वेळ विचारली नव्हती. पाण्याकडे बघून त्याचं भागायचं. वसुमतीने तोंड उघडलं, पुढे झाली आणि थांबली. भांडायला लागली असती तर दोन दहा तिथेच वाजले असते. त्याला तेवढंच हवं होतं.

ती बाजारात परत आली.

"हिरी, बोट लागली ना?"

"लागली म्हणजे? बघून आलीस ना?"

"मग झालं. बोट लागल्यावर बाईला जायला मोकळीक आहे." तिने क्रेटकडे बोट दाखवलं. "यातली दोन मोठी पापलेटं दे. थर्माकोलच्या डब्यात, बर्फ भरपूर घालून. आणि गाडी गेल्यावर सांग त्यांना, वसू येऊन गेली."

हिरीने डबा भरला, चिकटपट्टी लावली आणि स्वतः जाऊन रिक्षा थांबवली.

रिक्षातून वसुमतीने आधी जयश्रीला फोन केला आणि बोट लागल्याचं, चूल विझवायला हरकत नसल्याचं सांगितलं. मग रोशनला केला.

"निघालेय रे. आणि ऐक, पापलेट आणतेय. आपल्या बोटीचं." तिने मांडीवरचा डबा सरळ केला. "बाबांनी दिलंय."

"बाबांनी?" रोशन म्हणाला.

"हां."

गाडी आली तेव्हा दोन बारा झाले होते. डबा सीटखाली नीट बसवून ती खिडकीशी बसली. डहाणूचा प्लॅटफॉर्म मागे पडला आणि फोन वाजला. काशीनाथ होता. पाठीमागून खाडीवरच्या इंजिनांचा आवाज येत होता.

"कुठे आहेस?"

"गाडीत."

चिडून बोलायची वाक्यं तिने रिक्षात तयार करून ठेवली होती आणि आता त्यातलं एकही आठवेना.

"रात्रभर उंबऱ्यात बसले होते मी," ती शेवटी म्हणाली.

"चुकलं माझं."

हे शब्द तिने त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकले.

"हिरी म्हणाली, पापलेट नेलंस."

"नेलं. रोशनला सांगितलंय, बाबांनी दिलं म्हणून. आता खोटं तर खोटं."

घोलवडचं स्टेशन आलं आणि गेलं. फोन कट झाला असं वाटून तिने कानापासून दूर करून बघितला. चालू होता.

"बर्फ बडोद्यापर्यंत टिकायचा नाय," काशीनाथ म्हणाला. "सुरतेला गाडी थोडी जास्त थांबते. पुलाच्या जिन्याखाली सरबतवाला आहे, म्हातारासा. त्याच्याकडे माग. देतो तो."

वसुमती सरसावून बसली. वापीच्या पलीकडे हा माणूस कधी गेल्याचं तिला माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधी इंजिनाचा पार्ट आणायला वापीला म्हणून गेला होता आणि रात्री रिकाम्या हाताने परत आला होता, तेवढंच.

"तुम्हाला कसं म्हायत?"

त्याने पलीकडे कोणाला तरी इंजिन बंद करायला सांगितलं.

"गेलेलो एकदा," तो म्हणाला. "डबा घेऊन. सुरतेपर्यंत."