दोन खोल्यांतला एकच व्रण

एका बाईच्या छातीच्या स्कॅनचा स्पॅनिश रिपोर्ट दोन माणसांनी, दोन वेगळ्या खोल्यांत बसून, इंग्रजीत आणला. दोघांच्याही भाषांतरात ‘जुना, भरून आलेला व्रण’ असे शब्द होते. मूळ रिपोर्टात ‘जुना’ नव्हते आणि ‘भरून आलेला’ही नव्हते.

आमच्या कचेरीत प्रत्येक वैद्यकीय रिपोर्ट दोघे जण एकमेकांना न दाखवता भाषांतरित करतात. मग मी दोन्ही मसुदे शेजारी ठेवतो आणि जिथे फरक असेल तेवढेच मुळाशी ताडून पाहतो. जुळलेले वाक्य बरोबर मानले जाते, कारण दोन स्वतंत्र साक्षीदार सहसा एकच चूक करत नाहीत. या कामाकडे वळण्याआधी मी प्रयोगशाळेत होतो आणि ‘सहसा’ या शब्दावरचा माझा विश्वास तिथेच उडाला. त्यामुळे जुळलेल्या वाक्यांतलेही एखादे उचलून पाहण्याची मला खोड आहे. हे वाक्य तसेच हाती लागले.

मुळात होते ‘रेसिदुआल स्वरूपाची सावली’. रेसिदुआल म्हणजे मागे उरलेले. बऱ्या झालेल्या दुखण्याची खूण मागे उरते, तशीच उपचारांना पुरून उरलेली गाठही. यांतले काय, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याने सांगितले नव्हते. बाईच्या फुप्फुसातल्या गाठीवर मागच्या वर्षी उपचार झाल्याचे मात्र पहिल्याच ओळीत नोंदले होते. दुसऱ्या देशातले डॉक्टर आमचा इंग्रजी कागद वाचून उद्या सकाळी ठरवणार होते: तिला ताबडतोब बोलवायचे, की वर्षभराने पाहू म्हणून कळवायचे.

तिचा धाकटा भाऊ बाहेरच्या बाकावर बसला होता.

“जुळलं का हो सगळं?”

“जुळलंय. म्हणूनच अडलंय.”

“न जुळलं तर अडतं, जुळलं तरी अडतं. मग सुटतं कधी?”

प्रश्न रास्त होता. मी त्याला चहा पाठवला.

पहिला संशय अर्थातच नकलेचा. भाषांतर करणाऱ्या दोघांपैकी ज्येष्ठ त्या ताई. दुसरे मास्तर, पूर्वी शाळेत स्पॅनिश शिकवणारे. खिडकी उघडी असावी की बंद, यावरून दोघांत विळ्याभोपळ्याचे सख्य झाले आणि त्यांना वेगळ्या खोल्या द्याव्या लागल्या. प्रिंटर मात्र मधल्या बोळात, दोघांत एकच.

“ताई, मास्तरांचा कागद प्रिंटरवर पडलेला दिसला होता का?”

“त्यांचा कागद? अरे, मी त्यांचा उष्टा कप हलवत नाही, कागद कसला वाचते!”

मास्तर त्याहून थंड. “नक्कल करायचीच तर ज्याला येतं त्याची करीन. ताई डावं-उजवं दोनदा तपासतात आणि तिसऱ्यांदा चुकतात.”

दोघेही रागावले, पण रागावणे हा पुरावा नव्हे. मी जुने मसुदे काढून बसलो. ताईंनी खरोखरच एकदा डाव्याचे उजवे केले होते. मास्तरांच्या त्याच रिपोर्टात ते बरोबर होते. मास्तरांनी एका मापातला दशांशचिन्हाचा ठिपका गाळला होता, ताईंनी तो दिला होता. चोरलेल्या धान्याबरोबर मालकाच्या घरचे खडेही येतात. इथे खडे ज्याचे त्याचे होते. दोघे चुकीत जुळत ते एकाच जागी: जिथे मूळ रिपोर्ट मोघम होता तिथे दोघांचेही इंग्रजी ठाम असे, आणि शब्दही तेच असत. म्हणजे ते एकमेकांचे पाहत नव्हते. दोघेही तिसरीकडे कुठेतरी पाहत होते.

मी परत ताईंच्या खोलीत गेलो. “अडलं की विचारता कुणाला?”

“शब्दकोशाला.”

“शब्दकोशात ‘भरून आलेला’ नाहीये.”

ताईंनी उठून दार लावले. “डॉक्टरकाकांना फोन करते. पण मास्तरांच्या कानावर घालू नकोस हं. म्हणतील, हिला येत नाही.”

मास्तरांनी दार आधीच लावलेले होते. “ताईंना कळता कामा नये,” ते म्हणाले आणि त्यांनीही डॉक्टरकाकांचेच नाव घेतले.

डॉक्टरकाका छातीच्या विकारांचे निवृत्त तज्ज्ञ. स्पॅनिश मुलखात त्यांनी बराच काळ काम केले होते, आणि आमच्या कचेरीत पूर्वी वर्ग घेतल्यामुळे त्यांचा नंबर सगळ्यांकडे होता.

आधी कागदाचे पाहणे भाग होते. मी वाक्य बदलले: ‘मागे उरलेली सावली, व्रण की गाठ, हे मुळात स्पष्ट नाही.’ रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही विचारले. संध्याकाळपर्यंत त्यांचे उत्तर आले: उरलेल्या गाठीची शंका आहे, आधीच्या स्कॅनशी ताडून पाहावे. ते उत्तर जोडून कागद गेला. दुसऱ्या दिवशी बाईला त्याच आठवड्यात येण्याचा निरोप मिळाला.

“ही चांगली बातमी की वाईट?” भावाने विचारले.

“खरी आहे. बाकीचं डॉक्टर सांगतील.”

मग मी डॉक्टरकाकांना फोन लावला.

“आधी ताई विचारते, तासाभराने मास्तर तेच विचारतो,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुम्हाला माझं पटलं नाही, म्हणून माणूस बदलून बघताय. मग मीही ठणकावून तेच सांगितलं.”

“गाठीवर उपचार झालेत, हे दोघांपैकी कुणी बोललं?”

“कुणीच नाही. रुग्णाची माहिती बाहेर सांगता येत नाही म्हणाले. नुसती ती एक ओळ वाचून दाखवली. माहीत असतं तर मी असं बोललो असतो का रे?”

कारण सापडले ते असे. नक्कल कोणी केली नव्हती. आपले अज्ञान दुसऱ्याला कळू नये म्हणून दोघांनीही गुपचूप एकाच माणसाला विचारले. रुग्णाची गुप्तता पाळायची म्हणून ज्यावर सगळे अवलंबून होते ती पहिली ओळ दोघांनीही त्याच्यापासून लपवली. त्याने तेवढ्यावरून, आयुष्यभर बहुतेक रुग्णांत पाहिलेला अर्थ सांगितला. माझ्यापुढे आलेले दोन साक्षीदार प्रत्यक्षात एकच होते, आणि त्या एकाने रिपोर्ट पाहिलेला नव्हता.